तिसरी मोठी लीग होता होता राहिलेली पॅसिफिक कोस्ट लीग

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये २०२५ च्या हंगामापासून एक गोष्ट घडते आहे, जी दुरून पाहणाऱ्याला चटकन उलगडत नाही. जागतिक मालिकेची, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधील सर्वोच्च स्पर्धेची, नऊ विजेतेपदे नावावर असलेला ॲथलेटिक्स हा संघ ओकलंड शहर सोडून निघाला आहे आणि लास वेगासमधले त्याचे नवे मैदान तयार होईपर्यंत तो कॅलिफोर्नियातील वेस्ट सॅक्रामेंटो येथे, जेमतेम १४,००० प्रेक्षक मावतील अशा मैदानावर, पाहुणा म्हणून खेळतो आहे. हे मैदान सॅक्रामेंटो रिव्हर कॅट्स या संघाचे आहे आणि तो संघ बेसबॉलच्या परिभाषेत ‘मायनर’, म्हणजे कनिष्ठ, लीगमधला आहे. या यजमान संघाची बहुतांश मालकी २०२२ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाच्या मालकांकडे आहे आणि त्यांचे प्रमुख विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, त्यामुळे मराठी वाचकालाही या प्रकरणाकडे कुतूहलाने पाहावेसे वाटेल.

रिव्हर कॅट्स ज्या स्पर्धेत खेळतात तिचे नाव पॅसिफिक कोस्ट लीग. आज ती कनिष्ठ गणली जात असली तरी एकेकाळी तिने अमेरिकेतील तिसरी मोठी लीग होण्याची मागणी केली होती, आणि ती मागणी पोकळ नव्हती. ती का फसली हे समजून घेतले, म्हणजे ‘कनिष्ठ’ हा शब्द खेळाच्या दर्जापेक्षा करारांतून आणि हक्कांतून अधिक घडतो, हे लक्षात येते.

‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत दोन लीग ‘मेजर’ मानल्या जातात. नॅशनल लीग १८७६ मध्ये स्थापन झाली आणि अमेरिकन लीगने १९०१ मध्ये स्वतःला मेजर म्हणून घोषित केले. त्याच १९०१ च्या सप्टेंबरमध्ये उरलेल्या अनेक प्रादेशिक लीगच्या प्रतिनिधींनी शिकागो येथे एकत्र येऊन आपली संघटना उभारली, कारण दोन मोठ्या लीगच्या भांडणात आपले खेळाडू फुकटात पळवले जातील अशी त्यांना रास्त भीती वाटत होती. या प्रादेशिक लीगना पुढे मायनर हे नाव चिकटले आणि शहरांच्या आकारमानानुसार त्यांच्या श्रेणी ठरल्या.

आपल्याकडच्या रणजी करंडकाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अपुरी पडते. मुंबईचा रणजी संघ कोणत्याही आयपीएल संघाच्या मालकीचा नसतो. आजचा मायनर लीग संघ मात्र एखाद्या मेजर संघाशी कराराने बांधलेला असतो. मैदान, तिकिटे आणि स्थानिक व्यवस्थापन हे त्याचे स्वतःचे असते, पण खेळाडू आणि प्रशिक्षक मेजर संघाने नेमलेले असतात, त्यांचा पगार मेजर संघ देतो आणि हवा तेव्हा खेळाडूला वर बोलावतो. त्यामुळे ऐन चुरशीच्या दिवसांत गावाच्या संघातला सर्वोत्तम खेळाडू दुपारी निघून जातो आणि गावाला त्यावर काही म्हणता येत नाही. शिवाय युरोपातील फुटबॉलप्रमाणे कनिष्ठ स्पर्धा जिंकून वरच्या स्पर्धेत जाण्याची सोय येथे नाही. मायनर संघ कितीही वेळा जिंकला तरी तो मायनरच राहतो.

पण हे नेहमीच असे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळसे मायनर संघ स्वतंत्र होते. ते स्वतः खेळाडू शोधत, घडवत आणि मोठ्या संघांना विकत. त्यांच्या पायात बेड्या होत्या त्या तीन नियमांच्या.

सालगडी, लेव्ही आणि झोनबंदी

पहिला नियम खेळाडूला बांधणारा होता. शेतावरच्या सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि मालकाशी पटले नाही, तर तो दुसऱ्याकडे साल धरू शकतो. बेसबॉलपटूला १९७५ पर्यंत ही मुभा नव्हती. करारातील एका कलमानुसार हंगाम संपला तरी त्याच्यावरचा संघाचा हक्क संपत नसे, आणि संघ त्याला ठेवू, विकू किंवा बदलून घेऊ शकत असे.

दुसरा नियम ‘ड्राफ्ट’चा. साखर कारखान्यांना आपल्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारने ठरवलेल्या, बाजारभावापेक्षा कमी दराने लेव्ही म्हणून द्यावा लागत असे, हे ऊस पट्ट्यातील वाचकांना आठवत असेल. ड्राफ्ट ही बेसबॉलची लेव्ही होती. मायनर संघाने घडवलेला खेळाडू मेजर संघ आधीच ठरलेल्या किमतीला उचलू शकत असे. ही लेव्ही नसती तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासात सापडते. १९२० च्या दशकात पॅसिफिक कोस्ट लीग काही वर्षे ड्राफ्टमधून बाहेर राहिली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को सील्स संघाने विली कॅम या खेळाडूसाठी १९२२ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून १ लाख डॉलर वसूल केले. इतकी किंमत त्यापूर्वी कोणत्याही मायनर खेळाडूला आली नव्हती. मेजर संघांना ड्राफ्ट पुन्हा लागू करण्याची घाई का झाली असेल, हे या एका व्यवहारावरून कळते.

तिसरा नियम प्रदेशाच्या हक्काचा. एकेकाळच्या झोनबंदीत एका कारखान्याच्या क्षेत्रातला ऊस दुसऱ्याला नेता येत नसे. त्याचप्रमाणे एखाद्या शहरात बेसबॉल खेळवण्याचा हक्क तिथल्या संघाचा असे आणि दुसऱ्याला तिथे यायचे, तर तो हक्क विकत घ्यावा लागे. वरकरणी हा नियम लहान संघाचे रक्षण करणारा आहे. पुढे याच नियमातून लीगचा घात झाला, हे आपण पाहणारच आहोत.

बंडखोर म्हणून जन्म

पॅसिफिक कोस्ट लीग १९०३ मध्ये सुरू झाली. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅक्रामेंटो, पोर्टलंड आणि सिएटल ही तिची सहा शहरे. कॅलिफोर्नियातील जुनी लीग उत्तरेकडच्या दुसऱ्या लीगच्या हद्दीत, पोर्टलंड आणि सिएटलमध्ये, शिरली आणि त्यासाठी तिने संघटनेची परवानगी घेतली नाही. चिडलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी उलट लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आपले संघ उतरवले, पण ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गुंडाळावे लागले. पुढच्या वर्षी नवी लीग संघटनेत रीतसर दाखल झाली. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सील्सचे मैदान नष्ट झाले, तेव्हा सामने ओकलंडला हलवून तो हंगाम कसाबसा पार पाडण्यात आला.

या लीगला वेगळेपण दिले ते हवामानाने आणि अंतराने. मेजर संघांचा हंगाम १५४ सामन्यांचा होता, कारण बोस्टन किंवा शिकागोमध्ये ऑक्टोबरनंतर मैदानात उभे राहणे कठीण. कॅलिफोर्नियात तशी अडचण नव्हती, म्हणून १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाने तब्बल २३० सामने खेळले, आणि पुढची अनेक वर्षे दोनशेच्या आसपास सामने ही इथली रीत राहिली. शहरे एकमेकांपासून दूर असल्यामुळे पाहुणा संघ आला की आठवडाभर मुक्काम करी. मंगळवारी मालिका सुरू होई, रविवारी एकाच दिवशी दोन सामने होत आणि सोमवार आगगाडीच्या प्रवासासाठी राखलेला असे. प्रेक्षकांना एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची झुंज पाहायला मिळे, ओळखी होत, वैर रंगे. हंगाम लांब म्हणजे पगाराचे महिनेही जास्त, म्हणून मेजर लीगमध्ये राखीव बसण्यापेक्षा इथे मानाने खेळणे पसंत करणारे खेळाडूही होते.

यातले फ्रँक शेलनबॅक यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. चेंडूला थुंकी लावून टाकण्याच्या कलेत ते निष्णात होते. १९२० मध्ये या चेंडूवर बंदी आली, तेव्हा ज्या गोलंदाजांची कारकीर्द त्यावर उभी होती त्यांना सूट देण्यात आली, पण मेजर लीगच्या सूट दिलेल्या यादीत शेलनबॅक यांचे नाव आले नाही, कारण तोपर्यंत ते पश्चिमेकडच्या लीगमध्ये आले होते. तिथे त्यांना परवानगी होती. ते तिथेच राहिले आणि पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये त्यांनी २९५ सामने जिंकले. एखाद्याच्या आयुष्याची दिशा यादीतल्या एका नावावरून ठरावी, असे हे प्रकरण आहे.

ती खरोखर मेजरच्या तोडीची होती का?

ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. बाजूने बोलणारे पुरावे भक्कम आहेत. जो डिमॅजिओ यांनी १८ वर्षांचे असताना, १९३३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोकडून सलग ६१ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. मेजर लीगमध्ये त्यांनीच १९४१ साली केलेला ५६ सामन्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. टेड विल्यम्स १९३६ आणि १९३७ मध्ये आपल्या गावच्या सॅन दिएगो पाद्रेसकडून खेळले. १९३४ च्या लॉस एंजेलिस एंजल्सने १३७ सामने जिंकले आणि केवळ ५० गमावले. ते इतके पुढे निघून गेले होते की अखेरीस त्यांच्यासमोर उरलेल्या सात संघांतून निवडलेला संघ उभा करण्यात आला आणि तीही मालिका त्यांनी जिंकली. केसी स्टेंगल यांनी १९४८ मध्ये बव्हंशी वयस्क खेळाडूंच्या बळावर ओकलंडला विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर ते न्यूयॉर्क यँकीजचे व्यवस्थापक झाले आणि १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे जागतिक मालिका जिंकले.

मात्र काही आकडे जपून वाचावे लागतात. टोनी लाझेरी यांनी १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीकडून ६० होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले, पण ते १९७ सामन्यांत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या शहरात, जिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो. शिवाय डिमॅजिओ, विल्यम्स आणि लाझेरी हे सारेच अखेर पूर्वेकडे विकले गेले. उत्तम संघ मेजर संघाला तोडीस तोड ठरला असता, पण तळाच्या संघांमध्ये तेवढी खोली नव्हती, असे माझे मत आहे. पण ज्याच्या शेतातले चांगले बियाणे दरवर्षी उचलून नेले जाते त्याला उतारा कमी पडतो म्हणून दोष देणे न्याय्य नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. मेजर लीगप्रमाणेच या लीगनेही कृष्णवर्णीय खेळाडूंना दशकानुदशके दाराबाहेर ठेवले. १९१६ मध्ये जिमी क्लॅक्सटन हे मूळनिवासी अमेरिकन म्हणून ओकलंडकडून काही दिवस खेळले आणि त्यांच्या वंशाविषयी कळताच त्यांना काढून टाकण्यात आले. ते दार उघडायला १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सॅन दिएगोचेच रहिवासी असलेले यष्टिरक्षक, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत कॅचर, जॉन रिची पाद्रेसमध्ये दाखल झाले आणि पहिल्याच हंगामात त्यांची फलंदाजीची सरासरी .३२३, म्हणजे दर शंभर प्रयत्नांत सुमारे ३२ यशस्वी फटके, अशी राहिली.

मग दर्जा का मिळाला नाही?

१९५३ पर्यंतची पन्नास वर्षे मेजर लीगचे १६ संघ फक्त दहा शहरांत होते आणि त्यांतले सर्वांत पश्चिमेकडचे शहर सेंट लुइस होते. तिथून लॉस एंजेलिस सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर. आगगाडीच्या काळात तिथे जाऊन वेळेवर परतणे अशक्य होते आणि हे अंतर हीच पॅसिफिक कोस्ट लीगची खरी तटबंदी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम किनाऱ्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सील्सचे सामने ६,७०,५६३ प्रेक्षकांनी पाहिले, हा त्या काळी मायनर लीगमधला उच्चांक होता. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स रोलंड यांनी मेजर दर्जाची मागणी लावून धरली. दोन्ही मेजर लीगच्या मालकांनी लोकसंख्या, मैदानांची क्षमता आणि प्रेक्षकसंख्या यांच्या अटी पुढे केल्या, आणि अखेर १९५२ पासून केवळ या एका लीगसाठी एक वेगळी श्रेणी निर्माण केली. तिला ‘ओपन’ म्हणत. ही श्रेणी इतर सर्व मायनर लीगच्या वर होती, तिच्यातील खेळाडूंना उचलण्याचा मेजर संघांचा हक्क आकुंचित झाला होता, पण मेजर हे नाव मात्र तिला मिळाले नाही.

‘परवानगी कशाला हवी होती, स्वतःच घोषणा करून मोकळे व्हायचे,’ असे कोणी म्हणेल. अमेरिकन लीगने १९०१ मध्ये तेच केले होते. परंतु १९१४ आणि १९१५ मध्ये फेडरल लीगने तोच मार्ग धरला आणि ती बुडाली. तिच्या बाल्टिमोर संघाने मक्तेदारीविरुद्ध दावा लावला, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये निकाल दिला की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही. बंड केले असते तर लीगच्या मालकांना आपल्या खेळाडूंवरचा संघटनेने मान्य केलेला हक्क गमवावा लागला असता आणि न्यायालयाचे दारही बंद होते.

विमान, दूरचित्रवाणी आणि १९५७

दरम्यान तटबंदीला दोन बाजूंनी खिंडारे पडली. विमानाने प्रवास काही तासांवर आणला आणि दूरचित्रवाणीने मेजर लीगचे सामने घरात आणले. हा तडाखा सगळ्याच मायनर लीगना बसला. १९४९ मध्ये देशात ५९ मायनर लीग होत्या आणि त्यांचे सामने सुमारे ४ कोटी प्रेक्षकांनी मैदानात येऊन पाहिले होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांतल्या निम्म्याहून अधिक लीग नाहीशा झाल्या. ओकलंडचा संघही १९५५ च्या हंगामानंतर कॅनडातील व्हँकुव्हरला निघून गेला.

आता प्रदेशाच्या हक्काकडे परत येऊ. लॉस एंजेलिसचा एंजल्स संघ १९२१ पासून शिकागो कब्जच्या मालकांच्या, म्हणजे रिगली कुटुंबाच्या, ताब्यात होता. ब्रुकलिन डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत तो संघ मैदानासह विकत घेतला, म्हणजेच त्या शहराचा हक्क हाती घेतला. सॅन फ्रान्सिस्कोचा सील्स संघ तोवर बोस्टन रेड सॉक्सच्या मालकीचा झाला होता. न्यूयॉर्क जायंट्सने आपला मिनीआपोलिसचा मायनर संघ बोस्टनला देऊन सॅन फ्रान्सिस्को मिळवले. ज्या नियमाने स्थानिक संघाचे रक्षण करायचे, त्याच नियमामुळे शहर एका विक्रीखतावर हस्तांतरित झाले. लीगला नुकसानभरपाई मिळाली, पण तिची दोन सर्वांत मोठी शहरे गेली. एंजल्स स्पोकेनला, सील्स फिनिक्सला आणि हॉलिवूड स्टार्स हा लॉस एंजेलिसमधलाच दुसरा संघ सॉल्ट लेक सिटीला पाठवण्यात आला. ओपन श्रेणीही संपली.

१५ एप्रिल १९५८ रोजी पश्चिम किनाऱ्यावरचा पहिला मेजर लीग सामना जायंट्सने डॉजर्सविरुद्ध ८-० असा जिंकला. तो झाला सील्स स्टेडियममध्ये, कारण जायंट्सचे स्वतःचे मैदान तयार नव्हते. आज सॅक्रामेंटोत दिसणारे चित्र त्या अर्थाने नवे नाही.

पण प्रेक्षकांचे भलेच झाले ना?

लॉस एंजेलिसकरांचे नक्कीच झाले. डॉजर्सच्या तिथल्या पहिल्या सामन्याला ७८,६७२ लोक आले होते आणि ज्यांनी आयुष्यभर मेजर लीगच्या बातम्या केवळ वाचल्या होत्या त्यांना ते खेळाडू समोर दिसले. हा आनंद नाकारण्याचे कारण नाही. लीगच्या शहरांपैकी सॅन दिएगो, सिएटल आणि ओकलंड यांनाही १९६८ ते १९७७ या काळात मेजर संघ मिळाले, आणि एंजल्स व पाद्रेस ही जुनी नावे नव्या मेजर संघांनी उचलली. झळ बसली ती उरलेल्यांना. सॅक्रामेंटोचा संघ १९६१ मध्ये थेट हवाईला गेला. पोर्टलंड २०१० नंतर या लीगमधून पूर्णपणे बाहेर आहे. संपूर्ण लीग एकत्र वर गेली असती तर या शहरांनाही मेजर संघ मिळाले असते, आणि हे नुकसान प्रेक्षकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

किनारा सुटलेली किनाऱ्याची लीग

१९५८ नंतर ही लीग मेजर संघांसाठी खेळाडू तयार ठेवणारी रोपवाटिका झाली. ही कल्पना सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रांच रिकी यांनी १९२० च्या दशकातच राबवली होती, आता ती सर्वत्र पसरली. दुसरी एक मोठी मायनर लीग १९९७ नंतर बंद पडली, तेव्हा तिचे काही संघ इकडे आले आणि मिसिसिपी नदीकाठचे मेम्फिससुद्धा पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये मोडू लागले. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. त्याच वर्षी जुना करार संपला आणि मेजर लीगने मायनर लीगचा कारभार थेट आपल्याकडे घेतला. संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले गेले आणि ११८ वर्षांचे नाव पुसून ‘ट्रिपल-ए वेस्ट’ असे नाव देण्यात आले. (‘ट्रिपल-ए’ ही मायनर लीगमधली सर्वांत वरची श्रेणी.) ते नाव एकच हंगाम टिकले. २०२२ मध्ये पॅसिफिक कोस्ट लीग हे नाव परत आले. सध्याच्या दहा संघांपैकी केवळ दोनच, सॅक्रामेंटो आणि टकोमा, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या राज्यांत आहेत. मालिका मात्र पुन्हा मंगळवार ते रविवार अशा असतात आणि सोमवारी सुट्टी असते.

खेळाडूंच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली आहे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानुसार या श्रेणीतील किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले. त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते.

आता लास वेगास

सॅक्रामेंटोहून ॲथलेटिक्स जिथे जाणार, त्या लास वेगासमध्येही याच लीगचा एव्हिएटर्स हा संघ आहे, त्याचे मैदान २०१९ मध्ये उघडलेले आहे आणि तो ॲथलेटिक्सचाच संलग्न संघ आहे. म्हणजे १९५८ नंतर पुन्हा एकदा या लीगच्या शहरात मेजर संघ येऊ घातला आहे. फरक असा की १९५७ मध्ये निदान लीगचे मालक भरपाई मागायला वेगळ्या बाजूला बसले होते, तर आता लीग चालवणारी आणि तिच्या शहरात नवा संघ आणणारी संस्था एकच आहे. मायनर संघ आज मेजर लीगने दिलेल्या दहा वर्षांच्या परवान्यावर चालतात. लास वेगासमधले नवे मैदान २०२८ च्या हंगामासाठी बांधले जात आहे आणि परवान्यांची मुदत २०३० मध्ये संपते.